गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन व त्याची निगा

द्राक्षांच्या ओळींमधील, आंब्याच्या बागेंतील किंवा बांधावरील गवत खुरप्यानें न काढतां यंत्रानें कापण्याची चाल गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे बरीच पसरली आहे. मजुरांची टंचाई हें तिचें उघड कारण होय. गवत समूळ न उपटतां कापून जागच्या जागीं पसरलें असतां मातीची धूप कमी होते व ओल टिकते, हें दुसरें. ह्या चालीविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं, किंबहुना ती आम्हांस पसंत आहे. आमची तक्रार निराळी आहे. यंत्र घेतांना जेवढा विचार होतो त्याच्या दशांशही विचार, तें घरीं आल्यावर, त्याच्या इंजिनाचा होत नाहीं. आणि मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यांत, गवत कमरेस लागलें असतां, इंजिन बंद पडून यंत्र गोठ्याच्या कोपऱ्यांत जातें. पुष्कळ ठिकाणीं तें तेथून पुन्हां बाहेर येत नाहीं.

अशीं इंजिनें कामानें झिजून मरत नाहींत. बहुतेक तेलाच्या उपासानें, धुळीनें व शिळ्या पेट्रोलानें मरतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. ह्या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातांतल्या आहेत. त्यांस मोठें शिक्षण लागत नाहीं, महाग हत्यारें लागत नाहींत. एक पाना, एक ब्रश, एक स्वच्छ फडकें व महिन्यांतून अर्धा तास एवढें पुरतें.

हें यंत्र मुळांत शेतासाठीं जन्मास आलें नाहीं, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड येथें एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें १८३० सालीं हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींत लोकरी कापडावरील लव कातरण्याचें जें यंत्र असतें त्यावरून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. पुढें इप्सविच येथील रॅन्सम ह्या नांगर करणाऱ्या कारखान्यानें तें बनविण्यास घेतलें, आणि १९०२ सालीं त्याच कारखान्यानें पेट्रोल इंजिनाचें यंत्र विक्रीस काढलें. सारांश, बंगल्यापुढील मऊ हिरवळीवर, थंड व दमट हवेंत, आठवड्यांतून एकदां दोन बोटें वाढलेलें गवत कापावें, ह्या बेतानें हें यंत्र निघालें. आपण तें काळ्या मातीच्या फुफाट्यांत व कोंकणच्या उतारावर सबंध दिवस चालवितों. यास्तव पुस्तिकेंत तेल बदलण्याची किंवा गाळणी साफ करण्याची जी मुदत दिलेली असते ती आपल्याकडे निम्मी समजावी, असें आम्ही सुचवितों. धुळीच्या जागीं हीं कामें अधिक वेळां करावीं, असें बहुतेक पुस्तिकांतही छापलेलें असतें. तें बारीक अक्षरांत असल्यामुळें कोणी वाचत नाहीं, इतकेंच.

आतां इंजिनाची जात. खांद्यास अडकवून चालविण्याच्या कटरावर बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असतें. त्यांत तेलाचें निराळें कोठार नसतें. पेट्रोलांतच टू-टी तेल मिसळावें लागतें. प्रमाण पुस्तिकेंत असेल तेंच धरावें. पन्नासास एक म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर, पंचवीसास एक म्हणजे ४० मिलिलिटर. पेट्रोलास रंग आला कीं पुरे, ह्या मापानें मिसळूं नये. तेल कमी पडलें तर पिस्टन सिलिंडरास धरतो. फार झालें तर धूर होऊन प्लग व धुराड्याची जाळी काजळीनें भरते. चाकांवर ढकलून चालविण्याच्या यंत्रावर मात्र आतां बहुधा फोर-स्ट्रोक इंजिन असतें. त्याचें तेल वेगळें व पेट्रोल वेगळें. घरांत दोन्ही प्रकारचीं यंत्रें असल्यास पेट्रोलाचे डबे दोन ठेवावे व त्यांवर ठळक अक्षरांत नांव लिहावें. नुसत्या पेट्रोलाचा डबा टू-स्ट्रोक इंजिनांत एकदां रिता झाला, कीं पुढील खर्च विचारूं नये.

येथून पुढें आम्ही मुख्यतः फोर-स्ट्रोक इंजिनाविषयींच लिहितों, कारण हेळसांड अधिक होते ती त्याचीच. मोटारीच्या इंजिनांत तेल खेळविण्यास पंप असतो व तें गाळण्यास फिल्टर असतो. ह्या लहान इंजिनांत बहुधा दोन्ही नसतात. आंत फिरणारी एक पळी किंवा चकती तळचें तेल उडविते, व त्या शिंतोड्यांवर सगळें काम चालतें. म्हणून धातूचा जो कीस झडेल, जी काजळी उतरेल, ती सर्व त्याच तेलांत राहते व पुन्हां पुन्हां उडविली जाते. बरें, तेल तरी किती? साधारण पांच अश्वशक्तीच्या इंजिनांत अर्ध्या लिटराहून किंचित् अधिक. पूर्ण वेगांत असें इंजिन मिनिटास सुमारें ३,६०० फेरे घेतें; म्हणजे ५० तासांत एक कोटी आठ लक्ष फेरे झाले. एवढ्याशा तेलानें एवढें काम केल्यावर तें काळें व पाण्यासारखें पातळ झालें तर त्यांत नवल नाहीं. नवल हें, कीं ‘अजून तेल आहे, कशाला बदलावें’ असें म्हणणारे सुशिक्षित बागाईतदार आम्हांस भेटतात.

नव्या इंजिनाचें पहिलें तेल लवकर काढावें. कांहीं निर्माते पांच तासांनीं काढा म्हणतात, कांहीं वीस तासांनीं. कारण नव्या भागांचा कीस आरंभींच अधिक झडतो. त्यानंतर निर्मात्याप्रमाणें ५० किंवा १०० तासांची मुदत असते. आपल्या धुळींत आम्ही २५ ते ५० च्या पलीकडे जाणार नाहीं. तेल इंजिन कोमट असतांना काढावें, म्हणजे गाळ तरंगत असतो व तेलाबरोबर निघून जातो. थंड तेल काढलें तर तेल येतें आणि गाळ आंत राहतो. नवें तेल घालतांना यंत्र सपाट जागीं असावें. मोजण्याची कांडी आट्यांत फिरवून मोजावयाची कीं नुसती टेकवून, हें प्रत्येक इंजिनाचें निराळें असतें. तें एकदां पुस्तिकेंत पाहून कांडीजवळ रंगानें लिहून ठेवावें. तेल अधिक घालणें हें पुण्य नव्हे. अधिक झालेलें तेल सिलिंडरांत चढून पांढरा धूर निघतो व गाळणी भिजून बसते. आपल्या उष्ण हवेंत एस्-ए-ई ३० किंवा १०-डब्ल्यू-३० हीं तेलें सामान्यतः चालतात. पुस्तिकेंत दुसरें सांगितलें असेल तर तेंच घालावें. काढलेलें जुनें तेल ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें.

दोन गोष्टी ह्याच प्रकरणांत सांगून टाकितों. नवें फोर-स्ट्रोक इंजिन कारखान्यांतून बहुधा कोरडें येतें. पेट्रोल भरून दोरी ओढली व तेल पाहिलेंच नाहीं, अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं यंत्राचा अंत झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. दुसरी गोष्ट उताराची. शिंतोड्यांवर चालणारें इंजिन फार तिरपें झालें कीं पळी तेलापर्यंत पोंचत नाहीं. पुस्तिकेंत किती अंशांपर्यंत चालवावें तें दिलेलें असतें. त्याहून उभ्या डगरीवर खांद्याचा टू-स्ट्रोक कटरच न्यावा. त्याचें तेल पेट्रोलाबरोबर फिरत असल्यामुळें त्यास तिरपेपणाचें भय नाहीं.

तेलानंतर हवा. १६० घनसेंटिमीटरांचें इंजिन पूर्ण वेगांत मिनिटास १,८०० वेळां हवा ओढतें. सिलिंडर पूर्ण भरला असें धरलें तर ही हवा २८८ लिटर झाली. प्रत्यक्षांत कांहीं कमी येते, तरी तासाचा हिशेब कित्येक हजार लिटरांवर जातो, आणि ती सर्व हवा पात्यानें उडविलेल्या धुळींतूनच घ्यावयाची असते. ह्या धुळींत गारगोटीचे बारीक कण असतात. ते तेलांत मिसळले कीं पॉलिश कागदासारखें काम करितात, रिंगा व सिलिंडर खातात, दाब कमी होतो, आणि मालक म्हणतो कीं ‘इंजिनांत दम राहिला नाहीं.’ दम त्यानेंच घालविलेला असतो. गाळणी चोंदली आहे म्हणून ती काढून ठेवून तसेंच यंत्र चालविणारे जे लोक आहेत, त्यांनीं त्यापेक्षां इंजिनांत मूठभर वाळू घालावी. काम लवकर उरकेल.

गाळणी स्पंजाची असल्यास ती कोमट साबणाच्या पाण्यांत धुवावी, पिळा न घालतां दाबून पाणी काढावें, सावलींत पूर्ण वाळवावी, स्वच्छ इंजिन तेलांत बुडवून पुन्हां दाबून जास्तीचें तेल काढावें व बसवावी. कागदी गाळणी धुवावयाची नसते. ती हळूच आपटून धूळ झाडावी. पेट्रोलांत घालूं नये, तेल लावूं नये, आणि काळी पडली किंवा फाटली कीं नवी आणावी. दोन्ही असल्यास बाहेरचा स्पंज वरचेवर पाहावा. गवत वाळलेलें असेल त्या दिवसांत आम्ही रोज सायंकाळीं पाहण्याची शिफारस करितों. त्याच वेळीं सिलिंडरावरील पंख्यासारख्या पट्ट्यांत अडकलेला गवताचा भुसा ब्रशानें काढावा. ह्या इंजिनास पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं. त्या पट्ट्यांवरून वाहणारी हवा हेंच त्याचें पाणी. त्या चोंदल्या तर तेल चांगलें असूनही इंजिन भाजून निघतें. पाण्याचा जोरदार फवारा मारून इंजिन धुण्याची हौस मात्र करूं नये. पाणी गाळणींत व विजेच्या भागांत शिरतें.

तिसरी बाब पेट्रोलाची. हिच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण इकडे परिस्थितीच पालटली आहे. २०२३ सालच्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आपल्या देशांत विक्रीस येऊं लागलें, व २०२५ सालीं देशांतील मिश्रणाचें प्रमाण २० टक्क्यांच्या घरांत पोंचलें. हें इथेनॉल बऱ्याच अंशीं आपल्याच उसाचें आहे. साखर कारखान्यांस त्याचे पैसे मिळतात व त्यांतून ऊस उत्पादकांचीं बिलें भागण्यास मदत होते. तेव्हां त्यास शिव्या देण्याचा अधिकार आपणांस फारसा नाहीं. परंतु त्याचा स्वभाव ओळखून घेणें हें आपलें काम आहे. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें. पाणी प्रमाणाबाहेर झालें कीं तें इथेनॉलासह तळाशीं वेगळें बसतें. आणि टांकींतून किंवा कार्बोरेटरच्या वाटींतून इंजिनास प्रथम मिळतो तो हा तळचाच भाग. त्यानें ॲल्युमिनियमचे भाग गंजतात, जुन्या प्रकारचें रबर फुगतें, आणि पेट्रोलाचा राहिलेला अंश चिकट होऊन जेटचें केसाएवढें भोंक बुजवितो. लहान इंजिनांच्या कित्येक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचेंच मिश्रण मान्य केलेलें आढळतें. नवें यंत्र घेतांना तें २० टक्क्यांस योग्य आहे काय, हें विक्रेत्याकडून लेखी घ्यावें. जुन्या यंत्राच्या नळ्या व वॉशर दर सालीं पाहावे. मऊ किंवा चिकट लागल्यास बदलावे.

परंतु मिश्रण कितीही टक्के असो, खरें नुकसान होतें तें पेट्रोल पडून राहिल्यानें. थंड देशांत हें यंत्र हिवाळाभर बंद असतें, म्हणून तिकडे सर्वत्र हिवाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करण्याची रीत पडलेली आहे. आपल्याकडे कोरडवाहू भागांत व कोंकणांत यंत्राचा हंगाम मृगापासून दिवाळीपर्यंतचा. पुढें सहा-सात महिने तें उभेंच असतें, आणि तेंही आपल्या उन्हाळ्यांत. उन्हाळ्यांत पेट्रोलाचा हलका भाग उडून जातो व उरतो तो राळेसारखा चिकटा. मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेतकरी दोरी ओढतो, इंजिन लागत नाहीं, मिस्त्रीकडे जावें तों तेथें तसल्याच यंत्रांची रांग लागलेली, आणि इकडे गवत दिवसास दोन बोटें वाढत असतें. ह्या एका गोष्टीनें हंगामाचे आठ-पंधरा दिवस फुकट जातात. टाळण्याचा उपाय पांच मिनिटांचा आहे. शेवटची कापणी झाली कीं टांकींतील पेट्रोल काढून मोटारसायकलींत वापरून टाकावें (टू-स्ट्रोकचें मिश्रण मात्र त्यांत घालूं नये), कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेतों चालवावें, व कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलासुरला थेंब काढावा. नंतर तेल बदलावें. जुनें तेल आम्लयुक्त झालेलें असतें. तें आंत ठेवून इंजिन सहा महिने उभें करूं नये. शेवटीं प्लग काढून त्या भोंकांत चमचाभर स्वच्छ तेल सोडावें, दोरी दोन-तीन वेळां हळू ओढून तें पसरूं द्यावें, प्लग बसवावा, आणि दोरीस जोर लागेल तेथें थांबावें. तेथें दोन्ही झडपा मिटलेल्या असतात व बाहेरची दमट हवा आंत जात नाहीं. हंगामांतही महिन्याभरापेक्षां जुनें पेट्रोल वापरूं नये. डबा लहान ठेवावा व वरचेवर भरावा.

प्लगाविषयीं फार लिहावयास नको. तो इंजिन थंड असतांना काढावा व पाहावा. फिकट तपकिरी रंग असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर गाळणी चोंदली आहे किंवा चोक उघडा करण्याचें राहून जातें आहे. तेलानें ओला असेल तर तेल वर चढत आहे. ठिणगीच्या टोंकांमधील अंतर पुस्तिकेप्रमाणें, बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर, असावें. बसवितांना पहिले आटे हातानें फिरवावे, पाना मागाहून लावावा. डोकें ॲल्युमिनियमचें असतें. वांकडा शिरलेला प्लग सगळे आटे खातो. पात्याकडे हात नेण्यापूर्वीं प्लगाची वायर ओढून दूर करावी, हा नियम घरांतील प्रत्येकानें पाठ करावा. पातें हातानें फिरविलें असतां इंजिन लागूं शकतें, आणि बोटें पुन्हां येत नाहींत. यंत्र कलतें करावयाचें असेल तर कार्बोरेटर व गाळणीची बाजू वर ठेवून करावें, नाहींतर तेल गाळणींत उतरतें. पात्याची धार दोन्हीं बाजूंनीं सारखी काढावी. एक बाजू जड राहिली तर जो थरथराट होतो तो क्रँकच्या बेअरिंगांस भोंवतो. मूठ सोडतांच इंजिन थांबविणारी जी दांडी असते ती दोरीनें बांधून ठेवण्याची युक्ति ज्यांस सुचते, त्यांच्या हातीं यंत्र देऊं नये.

आणखी एक इशारा येथें द्यावयास पाहिजे, जरी तो गवताच्या यंत्रापुरता नाहीं. पेट्रोल इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तास चिकटून प्राणवायूची जागा घेतो, आणि माणूस ओरडण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. बंद खोलींत, गोठ्यांत इंजिन चालवून पाहूं नये. आणि गाळ उपसण्यासाठीं पेट्रोल किंवा डिझेल इंजिन विहिरींत तर कधींच उतरवूं नये. विहिरींत पडलेल्यास काढावयास दुसरा उतरतो, त्याच्या मागें तिसरा, व एका घरांतील दोन-तीन कर्ते पुरुष एकदम जातात.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. इतकें साधें काम होत कां नाहीं? आमच्या मतें आळस हें त्याचें एकटें कारण नव्हे. बैल दारीं आला म्हणजे तो कोणाच्या दावणीस बांधावयाचा, त्याची वैरण कोणी पाहावयाची, हें त्याच दिवशीं ठरतें. यंत्राचें तसें ठरत नाहीं. तें थोरला भाऊ आणतो, धाकटा चालवितो, गडी धुतो, शेजारी मागून नेतो. आणि तेल कोणीं पाहावयाचें, हें कोणासच सांगितलेलें नसतें. अवजारे बँकेच्या किंवा गटाच्या यंत्रांचे हाल तर ह्याहून वाईट. अनुदानांतून यंत्र आलें, पूजा झाली, छायाचित्र निघालें, परंतु त्याच्या तासांची नोंद एका ओळीची नाहीं. नोंदच नाहीं तेथें पन्नास तास कधीं झाले हें कळावें कसें? आमची सूचना अशी, कीं प्रत्येक सामायिक यंत्राचा एकच राखणदार नेमावा, त्यास भाड्यांतून कांहीं वाटा द्यावा, आणि यंत्राबरोबर एक वही बांधावी. नेणाऱ्यानें किती तास चालविलें तें लिहावें व राखणदारानें तेल, गाळणी, प्लग ह्यांची तारीख लिहावी. वही कोरी ठेवणाऱ्यास दुसऱ्या वेळीं यंत्र देऊं नये. हें कठोर वाटेल. परंतु यंत्र सर्वांचें असून कोणाचेंच नसणें हें त्याहून वाईट आहे.

कांहीं जाणते लोक म्हणतात कीं हीं इंजिनें आतां स्वस्त झालीं आहेत. बिघडलें तर नवें बसवावें, निगेचा त्रास कोणीं करावा? नवें इंजिन स्वस्त असेल, परंतु तें बंद पडतें तें ऐन कामाच्या दिवशीं, आणि त्या दिवसाची किंमत दुकानदाराच्या बिलांत येत नाहीं. शिवाय कर्ज काढून घेतलेल्या यंत्राचे हप्ते फिटण्यापूर्वींच त्याचें इंजिन बदलावें लागलें, तर त्यास स्वस्त म्हणणारा मनुष्य निराळ्या गणितानें चालत असला पाहिजे.

विक्रेत्यांकडेही दोष आहेच. आमच्या पाहण्यांत आलेल्या कित्येक यंत्रांबरोबरच्या पुस्तिकांत मराठी अक्षर नाहीं. कांहींत इंग्रजीही धड नाहीं. ज्या देशांत तें यंत्र खपावयाचें त्याच्या भाषेंत तेलाचें माप सांगतां येत नसेल, तर विकणाऱ्यानें तें तोंडानें तरी सांगावें. आमच्या सभासदांस आमची विनंति आहे कीं, पैसे देण्यापूर्वीं दुकानांतच तेल घालून, इंजिन लावून, गाळणी काढून-बसवून व बंद करण्याची रीत दाखवून घ्यावी. मराठी पुस्तिका मागावी, नसल्यास बिलाच्या पाठीवर तेलाची जात, त्याचें माप, प्लगाचा क्रमांक व इथेनॉलाची मर्यादा ह्या चार गोष्टी दुकानदाराच्या हातानें लिहून सहीसुद्धां घ्याव्या. जो लिहून देणार नाहीं त्याच्याकडून यंत्र घेऊं नये.